खिशातला फोन आणि स्टेजवरचा एडी

२०२५ च्या मे महिन्यात आयर्न मेडननं बुडापेस्टपासून नवा दौरा सुरू केला. बँडला पन्नास वर्षं होत असल्याचं निमित्त होतं. दौरा सुरू होण्याआधी त्यांचा मॅनेजर रॉड स्मॉलवूड यानं चाहत्यांना एक विनंती केली: कार्यक्रम डोळ्यांनी बघा, फोन खिशात ठेवा. ती बंदी नव्हती, विनंतीच होती. स्टेजवरून खाली बघितल्यावर माणसांचे चेहरे दिसावेत, काचेच्या पाट्या नकोत, असा एकंदर सूर होता.

ही विनंती वाचून मला आधी रागच आला. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, वय तिशीच्या अलीकडे. आयर्न मेडन भारतात येऊन गेले ते २००७, २००८ आणि २००९ साली, म्हणजे मी शाळेत असताना. त्यानंतर त्यांच्या दौऱ्यांच्या नकाशावर भारत पुन्हा दिसलेला नाही. मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हॉस्टेलच्या वायफायवर जे काही मेडन मला मिळालं, ते त्यांच्या लाइव्ह अल्बममधून आणि कुठल्यातरी अनोळखी माणसानं साओ पाउलोत किंवा स्टॉकहोममध्ये हात उंच धरून काढलेल्या, हलत्या, फाटक्या आवाजाच्या व्हिडिओंमधून. आणि आता बँड म्हणतंय की तो हात खाली घ्या. म्हणजे ज्यांच्याकडे तिकीट आहे त्यांनी मजा करायची, आणि आम्ही?

पण राग बाजूला ठेवून प्रश्न नीट विचारायला हवा. मेडनचा कार्यक्रम म्हणजे नेमकं काय असतं? त्यातलं काय फोनमध्ये येतं आणि काय येत नाही? आणि सत्तरीला टेकलेल्या माणसांनी चाळीस वर्षांपूर्वीची गाणी त्याच क्रमानं वाजवणं ही कला आहे की नुसती सवय?

रेकॉर्ड आणि प्रयोग

बासवादक स्टीव्ह हॅरिसनं १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये हा बँड सुरू केला. १९८० मध्ये पहिला अल्बम आला. पहिल्या दोन अल्बममध्ये पॉल डिआनो गायला. १९८१ मध्ये ब्रूस डिकिन्सन आला आणि १९८२ मध्ये 'द नंबर ऑफ द बीस्ट' थेट ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. २०२१ च्या 'सेनजुत्सू'पर्यंत त्यांचे सतरा स्टुडिओ अल्बम झाले आहेत. हा झाला बायोडेटा. पण मेडनचा खरा इतिहास अल्बमच्या यादीत सापडत नाही, तो दौऱ्यांच्या यादीत सापडतो.

आपल्याकडे नाटकाला 'प्रयोग' असा शब्द आहे. मेडनसाठी मला 'शो'पेक्षा तोच शब्द योग्य वाटतो. 'पॉवरस्लेव्ह'चा दौरा ऑगस्ट १९८४ मध्ये पोलंडमधून निघाला. तेव्हा पोलंड कम्युनिस्ट राजवटीत होता आणि एवढा लवाजमा घेऊन तिथे जाणारे पाश्चात्त्य बँड जवळजवळ नव्हतेच. अकरा महिन्यांत पावणेदोनशेहून जास्त प्रयोग झाले. स्टेजवर इजिप्तचं मंदिर, शवपेट्या, आणि शेवटाकडे मागून उगवणारा एडी. एडी म्हणजे डेरेक रिग्ज या चित्रकारानं काढलेला बँडचा भुताळ मानकरी, प्रत्येक अल्बमच्या मुखपृष्ठावर नव्या अवतारात येणारा. त्या दौऱ्यात तो अवाढव्य ममी होऊन आला. जानेवारी १९८५ मध्ये रिओच्या मोठ्या महोत्सवात हेच लोक क्वीनच्या आधी स्टेजवर चढले.

या दौऱ्यातून 'लाइव्ह आफ्टर डेथ' हा लाइव्ह अल्बम निघाला. त्याचा मोठा भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरेनात रेकॉर्ड झालेला आहे. मेडनचा एकच अल्बम ऐकायचा असेल तर मी हाच सांगेन, कारण त्यात स्टुडिओतल्या गाण्यांपेक्षा वेग जास्त आहे आणि शिस्तही जास्त आहे. एरवी वेग वाढला की शिस्त ढिली पडते. इथे शंभरेक वेळा वाजवून झालेलं गाणं हाताला इतकं बसलेलं आहे की वेग ही फक्त आणखी एक सोय वाटते. कोलरिजच्या कवितेवरचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' तेरा मिनिटांचं आहे, त्याच्या मधोमध जवळजवळ सगळं थांबतं, फक्त बास आणि जहाजाच्या लाकडासारखी करकर. हजारो लोक त्या शांततेत शांत राहतात. हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं म्हणणाऱ्या काकांना मी हीच मिनिटं ऐकवतो.

त्या दौऱ्याची किंमतही मोजावी लागली. डिकिन्सन इतका थकला की पुढच्या अल्बमसाठी त्यानं चक्क अकूस्टिक गाणी लिहून आणली. ती बाकीच्यांनी नाकारली. माझ्या मते मेडनचा स्वभाव या एका नकारात दिसतो. हा बँड दमतो, पण दिशा बदलत नाही. ही त्यांची ताकद आहे आणि हीच मर्यादाही.

शब्दांशिवाय गाता येणारं गाणं

प्रयोग सुरू होण्याआधी स्पीकरवर यूएफओ या जुन्या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं. चाहत्यांना कळतं की आता पाचेक मिनिटंच उरली. ही आपली नांदी. प्रयोग संपल्यावर मॉन्टी पायथनचं एक विनोदी गाणं लागतं आणि लोक ते गुणगुणत पार्किंगकडे जातात. ही आपली भैरवी. या दोन ठरलेल्या खुणांच्या मध्ये जे घडतं त्याचं गुपित मला गाण्यांच्या रचनेत दिसतं.

हॅरिस प्लेक्ट्रम न वापरता बोटांनी बास वाजवतो आणि त्याची लय घोडदौडीची असते: एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड. ही लय पायाला लगेच कळते. तिच्यावर दोन गिटारी, १९९९ पासून तर तीन, एकच सुरावट वेगवेगळ्या स्वरांवरून जोडीनं वाजवतात. ही सुरावट ब्लूजसारखी वळणावळणाची नसते. सरळ असते, गाण्यासारखी असते. परिणाम असा की मेडनच्या गाण्यात शब्दांशिवाय गाता येईल असा भाग शब्दांइतकाच मोठा असतो.

१९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'चं स्टुडिओतलं रूप ऐका आणि लगेच २००१ च्या रिओचं ऐका. स्टुडिओतलं गाणं चांगलं आहे, पण अर्धवट वाटतं. रिओत १९ जानेवारी २००१ च्या रात्री सुमारे अडीच लाख लोक होते. गिटारची सुरुवातीची सुरावट वाजायला लागते आणि ते अडीच लाख पोर्तुगीज बोलणारे लोक ती गिटार गायला लागतात. इंग्रजी येतं की नाही हा प्रश्नच निघत नाही. त्या क्षणी कळतं की स्टुडिओत या गाण्यातलं एक वाद्य गैरहजर होतं. ते वाद्य म्हणजे समोरचे लोक.

आपल्याला हे नवीन नाही. कीर्तनात बुवा चरण अर्धा सोडतात आणि समोरचे तो पूर्ण करतात. तो अर्धा सोडणं ही बुवांची कला असते. मेडनची गाणी असाच अर्धा भाग सोडून लिहिलेली आहेत, असं मला वाटतं. इथे फोनचा मुद्दा पहिल्यांदा टोचतो, कारण व्हिडिओ नीट यावा म्हणून फोन धरलेला माणूस गप्प बसतो. वाद्यवृंदातला एक वादक कमी होतो.

गायक बदलला, सेटिंग तेच

१९९३ मध्ये डिकिन्सन बाहेर पडला. त्याच्या जागी ब्लेझ बेली आला आणि दोन अल्बम गायला: १९९५ चा 'द एक्स फॅक्टर' आणि १९९८ चा 'व्हर्च्युअल इलेव्हन'. या काळात सभागृहं लहान होत गेली, बेलीचा आवाज बसल्यामुळे काही प्रयोग रद्द झाले, आणि चाहत्यांनी त्याचं खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं. आजही इंटरनेटवर हेच चालू आहे.

मला हा सरळ अन्याय वाटतो. बेलीचा आवाज खर्जाकडे झुकणारा. डिकिन्सनची गाणी वरच्या पट्टीतली. कुठल्याही गायक बदललेल्या मंडळीनं पहिलं काम काय केलं असतं? पट्टी उतरवली असती. आपल्याकडे पेटीवाला पहिला प्रश्न हाच विचारतो. मेडननं गिटारी तशाच ठेवल्या आणि माणसाला रोज रात्री न झेपणाऱ्या सुरात गायला लावलं. आमच्या धंद्यात याला सर्व्हर बदलून कॉन्फिगरेशन जुनंच ठेवणं म्हणतात, आणि मग सिस्टिम पडली की दोष नव्या सर्व्हरला.

पुरावा बँडनंच दिला आहे. 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही बेलीच्या काळातली गाणी डिकिन्सन परतल्यावरही टिकली. २००१ च्या रिओत दोन्ही वाजली आणि त्या रात्रीचा बराच भार त्यांनी पेलला. गाणी सक्षम होती, गायकही सक्षम होता. दोघांची गाठ चुकीच्या पट्टीत घातली गेली. पन्नास वर्षांच्या गौरवगाथेत हा हिशोब कुणी मांडत नाही, म्हणून इथे मांडतो.

विमान आणि वांद्रे

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले. जॅनिक गर्सला काढलं नाही, तिघंही गिटारवादक राहिले. मधल्या काळात डिकिन्सन प्रवासी विमानांचा वैमानिक झाला होता, छंद म्हणून नाही, नोकरी म्हणून. त्यातून २००८ च्या दौऱ्याची कल्पना निघाली: एक बोइंग ७५७ भाड्यानं घ्यायचं, मागच्या बऱ्याच सीट काढून तिथे स्टेजचं सामान भरायचं, पुढे बँड आणि तंत्रज्ञ बसवायचे, आणि गायकानंच विमान चालवायचं. विमानाचं नाव 'एड फोर्स वन'.

याला पब्लिसिटी स्टंट म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या बँडचं सामान एरवी जहाजानं किंवा वेगळ्या मालवाहू विमानानं जातं, म्हणून दौरा अशाच देशांत होतो जिथे लागोपाठ दहा-पंधरा प्रयोग मिळतील. मुंबईत एकच प्रयोग असेल तर त्यासाठी सामान आणणं परवडत नाही. माणसं आणि सामान एकाच विमानात बसलं की हे गणित बदलतं. तो दौरा १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर सुरू झाला आणि तिथून विमान ऑस्ट्रेलियातल्या पर्थला गेलं. पुढे जपान, अमेरिका, लॅटिन अमेरिका. ४५ दिवसांत २३ प्रयोग. म्हणजे मुंबईला मेडन मिळाले ते एका लॉजिस्टिक्सच्या युक्तीमुळे. इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट एखाद्या सोलोइतकीच सुंदर वाटते.

याच दौऱ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट केला. त्यात मुंबई सुरुवातीलाच आहे. त्यातला कोलंबियातला एक प्रसंग कुणीच विसरत नाही: एका चाहत्याच्या हाती ड्रमची काठी लागते आणि तो ती धरून नुसता रडत राहतो. तिथे विनोदही नाही आणि वेडही नाही. आपल्या देशात कुणी येत नाही याची ज्यांना सवय झालेली असते, त्यांच्याकडे कुणी आलं की असं होतं. मी तो प्रसंग बघतो तेव्हा मला परदेशी वाटत नाही.

संग्रहालयाची तक्रार

मेडनवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा: हे लोक आता संग्रहालय झाले आहेत. तीच गाणी, त्याच उड्या, तोच एडी.

आक्षेप अर्धा खरा आहे. पण २००६ मध्ये याच बँडनं 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा नवाकोरा अल्बम स्टेजवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. सत्तरएक मिनिटं, दहाच्या दहा गाणी, आणि मग पाच जुनी. लोक ओरडत होते, जुनं वाजवा. हे थांबले नाहीत. २०२३ च्या दौऱ्यात त्यांनी १९८६ चं 'अलेक्झांडर द ग्रेट' पहिल्यांदाच स्टेजवर आणलं. म्हणजे सिकंदराला बियासपर्यंत यायला जितकी वर्षं लागली, त्याच्या कितीतरी पट जास्त वर्षं त्याच्यावरच्या गाण्याला स्टेजपर्यंत यायला लागली.

मग २०२५ चा दौरा आला आणि त्यांनी जाहीर केलं की फक्त १९८० ते १९९२ मधल्या नऊ अल्बममधली गाणी. गेल्या तीस वर्षांतलं स्वतःचं सगळं काम बाजूला. पन्नाशीच्या उत्सवात हे समजण्यासारखं आहे, पण मला ही माघार वाटते. बेलीची दोन्ही गाणी यात आपोआप बाहेर गेली. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'सारखा परतीचा अल्बम बाहेर गेला. उत्सव पन्नास वर्षांचा आणि गाणी पहिल्या बारा वर्षांची, हा हिशोब जुळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पूर्वी गाणं बदललं की मागचा रंगवलेला पडदा बदलायचा. संगीत नाटकांत महाल, वन, नदीकाठ असे पडदे असायचे, तसंच. २०२५ पासून मागे प्रचंड डिजिटल स्क्रीन आहे, तिच्यावर चलचित्रं. ती देखणी आहेत. पण रंगवलेला पडदा तुमच्या मनाला थोडं काम ठेवायचा, स्क्रीन ते काम स्वतःच करून टाकते. आणि गंमत बघा, फोन खिशात ठेवा म्हणणाऱ्यांनीच स्वतःच्या पाठीशी जगातला सगळ्यात मोठा फोन उभा केला आहे.

मात्र तेच ते वाजवणं हा मी दोष मानत नाही. प्रशांत दामल्यांनी २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला, तेव्हा 'तेच ते काय करता' असं कुणी त्यांना विचारलं नाही. पुनरावृत्ती वाईट नसते. माणूस आत हजर नसताना झालेली पुनरावृत्ती वाईट. मेडनच्या बाबतीत मी एकच कसोटी लावतो: 'हॅलोड बी दाय नेम'मधला फाशीकडे निघालेला कैदी डिकिन्सनच्या आवाजात आजही घाबरलेला असतो का? १९८५ मध्ये होता. २०१५ मध्ये याच माणसाला जीभ आणि घशाजवळ कर्करोग असल्याचं जाहीर झालं, उपचार घेऊन पुढच्या वर्षी तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. त्यानंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये वरचे काही सूर जपून लावलेले ऐकू येतात, पण भीती जास्त खरी झाली आहे.

लाल कोट

आता एक अवघड गोष्ट. 'द ट्रूपर' वाजतं तेव्हा डिकिन्सन लाल लष्करी कोट घालून येतो आणि ब्रिटिश झेंडा फडकवतो. गाणं १८५४ च्या क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या चढाईवर आहे. लाल कोट आणि तो झेंडा बघून मराठी माणसाला काही आठवणारच. १८५७ तिथून तीनच वर्षं दूर आहे.

पण गाणं नीट ऐका. त्यात विजय नाही. चुकीच्या हुकमामुळे तोफांच्या तोंडी गेलेला एक साधा घोडेस्वार मरतो, एवढंच आहे. हे साम्राज्याच्या बेफिकिरीचं गाणं आहे, आणि त्यावर साम्राज्याचा झेंडा फडकवला जातो. कोटसुद्धा चुकतो: त्या चढाईतले हलके घोडेस्वार लाल नव्हे, गडद निळ्या पोशाखात होते. 'रन टू द हिल्स'मध्ये याच बँडनं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कत्तल आधी त्यांच्या आणि मग सैनिकांच्या नजरेतून सांगितली आहे. इतकी समज असलेल्या लोकांना झेंडा खाली ठेवणं जमलं पाहिजे. माझ्या मते तिथे स्टेज गाण्याला हरवतं. गाणं ऐकताना मी त्या मरणाऱ्या स्वाराच्या बाजूचा असतो, बघताना मला बाजू बदलायला लावली जाते. मी बदलत नाही.

मग फोनचं काय?

ड्रमर निको मॅकब्रेन १९८२ च्या शेवटी आला. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी मे महिन्यात तो दौऱ्यावर होता. पूर्वीचे जलद तुकडे हाताला साधेनात, तेव्हा त्यानं गाण्यांत ते सोपे करून घेतले आणि हे लपवलं नाही. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोत त्यानं दौऱ्यांतला शेवटचा प्रयोग केला. वय बहात्तर. निरोपाची घोषणा त्याच दिवशी झाली होती. त्याच्या जवळपास सात आठवडे आधी पॉल डिआनो वारला होता. पुढच्या दौऱ्यात ड्रमवर सायमन डॉसन बसला.

निकोच्या त्या शेवटच्या रात्रीचे व्हिडिओ मी पाहिले आहेत, अर्थातच लोकांच्या फोनमधले. त्यात चित्र हलतं, बास फाटतो, मध्येच कुणाचं तरी डोकं येतं. पण ज्या व्हिडिओत फोन धरणारा माणूस राहवून न राहवता गायला लागतो, सूर चुकतो, हात खाली येतो आणि पडद्यावर नुसता अंधार आणि पायाखालची जमीन दिसते, तोच मला सगळ्यात जास्त सांगून जातो. तिथे निको दिसत नाही. तिथे काय चाललं होतं ते मात्र कळतं.

म्हणून माझा कौल बँडच्या बाजूनं आहे, माझ्या तोट्यासकट. एक अट घालून. 'लाइव्ह आफ्टर डेथ' आणि रिओचं रेकॉर्डिंग यांनी जगभरातल्या तिकीट नसलेल्यांना मेडन दिलं, आणि ते नीट दिलं, कारण ते काम बँडनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. लोकांचे हात खाली करायचे असतील तर ती जबाबदारी पुन्हा तितक्याच निष्ठेनं घ्या. विमान आमच्याकडे येत नसेल तर निदान आवाज तरी पोचवा.

आणि तुमच्यापैकी कुणाला कधी तिकीट मिळालंच, तर एखादं गाणं आमच्यासाठी टिपा. 'फिअर ऑफ द डार्क' मात्र टिपू नका. तिथे तुमचा आवाज लागतो.